मांडीवरचं ठिगळ

जनार्दनरावांनी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव माल, तपासण्याचं काम केलं. छिद्र असलेला माल त्यांच्या हातून कधी सुटला नाही. २०१७च्या उन्हाळ्यात ते कॅनडातल्या कनाटाला मुलीकडे आले आणि एका शनिवारी शुभदा त्यांना म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे जुन्या ग्रीक पुतळ्यांचं प्रदर्शन लागलं होतं.

ब्रॉन्झचा एक धावपटू होता, माणसाएवढा. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते. जनार्दनराव वाकून मांडीकडे बघत होते.

"शुभदा, हे बघ. चौकोन दिसतोय? हा पुतळा रिजेक्ट आहे."

"बाबा, हळू! दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे तो."

"असू दे की. ठिगळ लावलंय."

शेजारी माहिती देणाऱ्या विजयालक्ष्मी नावाच्या बाई उभ्या होत्या, मूळच्या चेन्नईच्या. त्यांनी हिंदीत समजावलं. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर द्यायचा, वरून पुन्हा माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत ब्रॉन्झ ओतायचं. डोकं, हात वेगळे ओतून मागाहून जोडायचे. ओतताना हवा अडकून छिद्र पडलं, तर तेवढा भाग चौकोनी कापायचा, त्यात पातळ पत्रा ठोकून बसवायचा आणि घासून एकजीव करायचा.

"अच्छे कारीगर भी यही करते थे," त्या म्हणाल्या.

जनार्दनरावांनी पुढचे पुतळे न बघताच बाहेरची वाट धरली. 

घरी आल्यावर त्यांनी शुभदाला विश्वनाथची गोष्ट सांगितली. विश्वनाथ त्यांच्या फाउंड्रीतला साचे करणारा मोल्डर. चौऱ्याण्णव साली त्याने पंपाच्या बॉडीतलं छिद्र असंच बुजवलं होतं, इतकं सफाईने की भिंगाशिवाय दिसेना. जनार्दनरावांनी ते पकडलं आणि विश्वनाथची नोकरी गेली.

"पण पंपात पाण्याचं प्रेशर असतं ना, बाबा? पुतळ्यात काय आहे? तुम्ही बरोबरच होतात."

"तेच मीही म्हणतोय मनाशी," ते म्हणाले. "मग डोक्यात घोळतंय काय, तेच कळेना."

 तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोल्हापूरच्या एका ओळखीच्याकडून विश्वनाथचा नंबर मिळवला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"विश्वनाथ, मी जनार्दन. कॅनडातनं बोलतोय."

"साहेब? बोला की!"

त्यांनी पुतळ्याचं सांगितलं, मग अडखळत पंपाचं. 

"चूक माझीच होती, साहेब. तो पंप फुटला असता. नोकरीचं मला काही नाही, दुसरी मिळाली. पण तुम्ही शॉपमधल्या सगळ्या कामगारांसमोर मला चोर म्हणालात. चोर नव्हतो मी."

"मी? असं म्हणालो?"

"म्हणालात."

जनार्दनरावांनी पुष्कळ आठवून पाहिलं. पंपाचा नंबर आठवत होता, भिंग आठवत होतं, तो शब्द मात्र काही केल्या आठवेना. आठवत नसलेल्या गोष्टीची माफी कशी मागायची? आणि विश्वनाथ उगाच कशाला सांगेल?

"म्हणालो असेन रे," ते शेवटी म्हणाले. "चुकलंच माझं."

 विश्वनाथने विचारलं, "त्या चौकोनाच्या कडा सरळ होत्या का तिरप्या?"

"ते नाही बघितलं."

"मग फोटो पाठवा."

दुसऱ्या दिवशी जनार्दनराव एकटेच बस बदलत म्युझियममध्ये पोचले. त्यांनी मांडीचे सहा फोटो काढून पाठवले. विश्वनाथने माफ केलं की विषय टाळला, हे वाटेत त्यांना उमगलं नव्हतं, आताही उमगत नव्हतं.

थोड्या वेळाने विश्वनाथचा व्हॉइस मेसेज आला. "कडा तिरप्या आहेत, साहेब. पत्रा आत अडकून बसतो, म्हणून तर टिकलाय. आता पाठीकडनं काढा, तिकडं अजून असतील."

पुतळ्याची पाठ भिंतीकडे होती. जनार्दनरावांनी एकदा गार्डकडे पाहिलं आणि भिंतीला गाल टेकवून फोन पुतळ्यामागच्या फटीत सरकवला.