जुनं गावठाण, डावीकडून उजवीकडं

क्षमाचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. दुपारी सास्तूरच्या हॉलमध्ये त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेल्यांच्या स्मृतीचा कार्यक्रम, तिथं तिनं बनवलेला व्हिडिओ दाखवायचा, आणि व्हिडिओ अजून लॅपटॉपातच अर्धामुर्धा लोळत पडलेला. त्यात तिचे वडील, व्यंकटआप्पा, घडीत आत, घडीत बाहेर. पाणी प्यायला म्हणून आत यायचे आणि न पिताच परत जायचे. एरवी आप्पा या दिवशी गावात थांबायचेच नाहीत, कुठल्या तरी पाहुण्याकडं निघून जायचे. यंदा पहिल्यांदाच म्हणाले होते, "पोरीनं केलंय, तर येतो." आता हे बिनसलं तर ते पुन्हा कधी येतो म्हणणार नाहीत, हे क्षमाला पक्कं ठाऊक होतं.

तशी ती या कामात कच्ची नव्हती. धाराशिवच्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापूनजोडून तिचा हात चांगला बसला होता. गेल्या आठवड्यात ती आप्पांना घेऊन भूकंपानंतर ओस पडलेल्या जुन्या गावठाणात गेली. तिथं आता आहे काय, बाभळी, कुसळं आणि ढासळलेल्या दगडांचे ढीग. मधोमध उभं राहून तिनं फोन सावकाश फिरवला आणि पॅनोरमा काढला. सगळं गावठाण एका लांबलचक फोटोत. मग तिथंच आप्पांचं बोलणं रेकॉर्ड केलं. डावीकडून उजवीकडं बोट फिरवत ते एकेक घर सांगत गेले. पुढची युक्ती साधी होती. लांब फोटोचा एकच तुकडा पडद्यावर दिसायचा आणि सॉफ्टवेअर तो या टोकाकडून त्या टोकाकडं सरकवत न्यायचं. आप्पा ज्या घराचं नाव घेतील ते तेव्हा समोर यावं, झालं.

पण माणसाचं बोलणं काय मोजूनमापून येतं? शिवप्पाच्या दुकानावर आप्पा इतके रमले की तिथल्या गोळ्यांचे रंगसुद्धा सांगितले. आणि सारजाबाईंच्या घराच्या अलीकडं, एका वाकड्या बाभळीपाशी, एकदम गप्प झाले. रेकॉर्डिंगमध्ये नुसता वारा. बऱ्याच वेळानं "पुढं सारजाबाईचं," असं म्हणाले आणि पुन्हा सुरू झाले.

लग्नाच्या व्हिडिओत कुणी गप्प बसलं की कात्री लावायची, ही क्षमाची सवय. वरून संघपालचे फोनवर फोन. संघपाल तिचा लांबचा चुलतभाऊ आणि कार्यक्रमाचा कर्ताधर्ता. "ताई, तीन मिनिटं हं. त्याच्या वर गेलं तर पाहुण्यांची भाषणं कुठं बसवू?" जसं काही भाषणांवाचून गाव अडून बसलं होतं. क्षमानं ती शांतता कापून टाकली, फोटो बाभळीवरून भर्रकन पुढं काढला आणि आप्पांना हाक मारली.

आप्पांनी उभ्याउभ्याच पाहिलं.

"तू तिथनं पळवलंस," ते म्हणाले.

"तिथं तुम्ही काही बोललाच नाहीत, आप्पा."

"न्हाय बोललो. पर उभा हुतो की म्या." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "असलं दाखवायचं असंल तर म्या काय येत न्हाय."

ते बाहेर निघून गेले. क्षमा चिडलीच. बाभळीपाशी बोलायचं होतं ना मग तेव्हाच, कुणी तोंड धरलं होतं का? तिचं पुटपुटणं आईनं चुलीपाशी ऐकलं. भाकरी उलथत आई म्हणाली, "घर हुतं त्यांचं तिथं. धाकटी बहीण तिथंच गेली, चांगुणा. तुझे आप्पा त्या रातीला शेतात राखणीला हुते, म्हणून वाचले. मला बी तुझ्या आजीनं सांगितलं. त्यांच्या तोंडातनं तिचं नाव म्या कधीच ऐकलं न्हाय."

क्षमा परत लॅपटॉपपाशी बसली. आपल्याला एक आत्या होती, आणि तिच्यावरच आपण कात्री चालवली. तिनं कापलेली सगळी शांतता परत जोडली. तेवढा वेळ फोटोही बाभळीवरच थांबवून ठेवला. मग बाहेर जाऊन आप्पांना इतकंच म्हणाली, "थांबवलंय मी तिथं. या तुम्ही."

आप्पा आले. पण हॉलमध्ये सगळ्यात मागं, दाराजवळच्या खुर्चीवर बसले, केव्हाही उठून जाता येईल असे. व्हिडिओ सुरू झाला. वेस आली, पार आला, शिवप्पाच्या दुकानावर म्हातारी माणसं हसली. मग बाभूळ आली आणि चित्र थांबलं.

"हँग झालं वाटतं," कुणीतरी म्हणालं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. संघपाल धावत लॅपटॉपपाशी आला आणि दिसेल ते बटण दाबत सुटला. क्षमा शेजारीच उभी होती, पण सांगणार काय? चांगुणाचं नाव आप्पांनीच कधी घेतलं नव्हतं, तर या गर्दीत तिनं कोणत्या तोंडानं घ्यायचं? तिनं मागं पाहिलं. आप्पा उठले होते. गेले, तिला वाटलं, आता गेलेच.

"संघपाल, हात काढ," आप्पा तिथूनच म्हणाले. "अडकलं न्हाय ते. घर हाय आमचं तिथं. चांगुणा आत निजली हुती. माझी बहीण."

शिट्ट्या थांबल्या. संघपालनं हात मागं घेतला. पुढच्या रांगेतून म्हाताऱ्या सारजाबाईंचा आवाज आला, "तिच्या शेजारी आमचं, बाई. जरा म्होरं घे. हळू घे."

संघपालच्या दाबादाबीत व्हिडिओ तर बंदच पडला होता. क्षमानं मूळचा लांब फोटो उघडला आणि बोटानं सरकवू लागली. "थांब," सारजाबाई म्हणाल्या, तशी ती थांबली. मग मागून कुणी म्हणालं, आमचं डावीकडं राहिलं. मग आणखी कुणी. ज्याचं घर त्यानं थांब म्हणायचं आणि पुढं घे म्हणेपर्यंत सगळ्यांनी दगडांकडं बघत बसायचं, असं चाललं. पाहुण्यांच्या भाषणांची वेळ कधीच टळून गेली होती आणि संघपालनं तो नाद सोडून दिला होता.

आप्पा खुर्च्यांच्या मधून वाट काढत पुढं आले आणि क्षमाच्या शेजारी उभे राहिले.

"परत मागं घे," ते म्हणाले. "आमच्या घरावर."

तिनं बाभूळ समोर आणली. आप्पा बराच वेळ नुसते बघत राहिले. क्षमानं बोट हलू दिलं नाही.

"लई बडबडी हुती ती," आप्पा म्हणाले. "येकदा सुरू झाली की आवरायचीच न्हाय."