विभागप्रमुख खुर्चीवरून पडले

कोरियन अभ्यास विभागाचे प्रमुख भर बैठकीत डुलकी लागून खुर्चीवरून पडले. उठले, चष्मा चाचपला आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंना म्हणाले, "हे लिहू नका."

बाईंनी लिहिलं : 'विभागप्रमुख खुर्चीवरून पडले. हे लिहू नका, असं म्हणाले.'

बाई कोरियाचा इतिहास शिकवायच्या, पण हंगामी. कायम होण्याच्या आशेवर केस पिकले होते आणि कायम करणं सरांच्या हातात. पण शिकवणही सरांचीच ना! कोरियाच्या जुन्या जोसॉन राजवटीत दरबारातले इतिहासकार राजाचा शब्दन् शब्द टिपायचे. एक राजा शिकारीत घोड्यावरून पडला आणि म्हणाला, इतिहासकाराला कळू देऊ नका. त्यांनी तेही टिपलं. ही गोष्ट शिकवताना सरांचे डोळे दरवर्षी पाणावत.

"बाई, तो राजा होता," सर म्हणाले. "मी साधा माणूस आहे. खोडा ते."

"सर, खाडाखोड राजालाही करता येत नव्हती. तुमच्याच पुस्तकात आहे." आणि हेही त्यांनी लिहून घेतलं.

"अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. बाईंनाही ते कळत होतं, पण हात ऐकत नव्हता.

पुढच्या इतिवृत्तात कोण पेंगलं, कोणी कोणाची उणीदुणी काढली, कोणी बिस्किटं खिशात घातली, सगळं आलं. मंडळी हवालदिल झाली. मग एका शहाण्याने नियमावली उघडली. इतिवृत्त हे हंगामी शिक्षकांचं काम. कायम माणसाला ते देताच येत नाही. झालं! बाईंना तिथल्या तिथे, टाळ्यांच्या गजरात कायम केलं. सरांनी स्वतः त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

बाई घरी येऊन रडल्या. आनंदानेच, असं त्यांना वाटलं.

नवा हंगामी शिक्षक आला. कोरियन मालिका आणि गाणी शिकवणारा, स्वभावाने भलता गोड. पहिल्याच बैठकीत सरांनी ठराव मांडला : जोसॉनचा पेपर बंद, त्या जागी मालिका. पोरं तिकडेच धावतात, त्याला कोण काय करणार? बाई उभ्या राहिल्या, तावातावाने भांडल्या, टेबलावर मूठ आपटली.

दुसऱ्या दिवशी नवा शिक्षक इतिवृत्त सहीला घेऊन आला. 'ठराव खेळीमेळीच्या वातावरणात एकमताने मंजूर.'

"अहो, आणि माझा विरोध?"

"ऐकला ना मॅडम. अगदी पटला," तो खाली बघत म्हणाला. "पण मला अजून कायम व्हायचंय."