तांब्याच्या पत्र्यावरचा शिपाई

चावडीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. बुवा काळ्या पत्र्यावर तीर्थ ओतत होता आणि पत्र्यावर बारीक बुडबुडे उठत होते.

"बघा, शेवटचा श्वास सोडतोय!" बुवा ओरडला. "ब्रह्मदेशातनं आत्मा खेचून आणलाय, चेष्टा न्हाई!"

मग त्यानं तेलाच्या फडक्यानं पत्रा पुसला, काजळ चोळलं, आणि चकचकीत तांब्यावर रेघारेघांनी आकारामचा चेहरा उमटला. आकाराम पलटणीत होता. पावसाळ्यापासून त्याची खबर नव्हती. बायाबापड्यांनी हात जोडले.

"गेला रं माझा भाऊ!" थोरला तात्याबा रडू लागला. "मनुबाई, बांगड्या फोड आन् म्हायेराला जा."

रडत होता, पण डोळे कोरडे. आकारामच्या वाट्याच्या उसावर त्याची नजर होती हे सारं गाव जाणून होतं. मी इथला ड्रॉइंग मास्तर. तीर्थाचा नाकाला झोंबणारा वास मला चांगलाच ओळखीचा होता.

आकारामच्या बायकोनं, मनुबाईनं, पत्रा निरखून पाहिला.

"आवं भावजी, लढाईत ह्यांच्या अंगावर फोटूवाल्याचा कोट कसा? कॉलरला त्यो कागदी गुलाब सुदिक हाय!"

भरती झालेला जो तो साताऱ्यात फोटोवाल्याच्या उसन्या कोटात फोटो काढून घेई. आकारामचा फोटो तात्याबानं नुकताच काच बसवायला म्हणून नेला होता.

मी सरळ बुवाच्या झोळीत हात घातला. पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेला दुसरा काळा पत्रा निघाला. उन्हात तिरपा धरला तर रेघा आधीच ओढलेल्या! मंत्र न म्हणता मी तीर्थ ओतलं, पुसलं, काजळ चोळलं. तोच कोट, तोच गुलाब, चेहरा दुसरा.

"आरं, ह्यो तर वरच्या वाडीचा ज्ञानू!" म्हातारा हरिबा ओरडला. "कालच रजेवर आलाय की गड्या! सकाळी माझी तंबाखू खाऊन गेला!"

बुवा घामाघूम झाला. मी लोकांना उलगडून सांगितलं. पत्र्याला काळं मेण लावायचं, फोटो बघून सुईनं त्यावर रेघा ओढायच्या. तीर्थ म्हणजे सोनाराचं तेजाब, ॲसिड. ते मेणाला खात नाही, उघड्या रेघेतलं तांबं खातं. तेलानं मेण पुसलं की त्या खाचेत काजळ बसतं. चित्रं छापायची ही कला मी मुंबईत शिकलोय. फार सुंदर कला आहे, पण कोण मेलं, कोण जगलं, हे तिला कळत नाही.

"मास्तर, मग माजं धनी जित्तं हायती?" मनुबाईनं विचारलं.

मी पत्रा खाली ठेवला. "ठाऊक नाही, बाई. बुवालाही नाही. आजच पलटणीला लिहू."

बाबांनो, ठाऊक नाही म्हणायला लाज कसली? कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याची झोळी बघा. आणि खात्री झाल्यावाचून कुणा बाईच्या हातातल्या बांगड्यांना हात लावू नका.