न सांगता सोडलेला बोया

अंबडच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये जो पिवळा बोया आडवा पडलाय ना, मित्रांनो, तो मी. लोखंडाला राग येत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. मला येतो.

माझा जन्म इथलाच. सहादू वेल्डरने माझे सांधे इतके पक्के जोडले, की थेंबभर पाणी आत शिरलं नाही. समुद्रावर तरंगत लाटांची उंची मोजायची आणि शास्त्रज्ञांना कळवायची, हे माझं काम.

ही माहिती किनाऱ्यावरच्या लोकांपर्यंत कशी न्यायची, याची आखणी करायला साक्षी गांगुर्डेला नेमलं होतं. प्रकल्पप्रमुख देवरे सरांबरोबर ती मला पाहायला आली.

"सर, बोया सोडण्याआधी गावात बैठक घेऊ या. मच्छीमार जाळी कुठे टाकतात, विचारू. वादळाची सूचना त्यांना रेडिओवर हवी की फोनवर, तेही ठरवू."

"आधी यंत्र पाण्यात जाऊ दे," सर म्हणाले. "लोकांना काय, नंतर सांगता येईल."

नंतर निघाली ती गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका. तिच्यात माझा फोटो होता. मला सोडलं होतं त्या पालघरच्या किनाऱ्यावर ती कोणी वाचली नाही.

मी मात्र इमानाने काम केलं. शास्त्रज्ञ खूश होते. गावात मात्र बोलवा उठली, की मासेमारी बंद करायला सरकारने ही खूण ठोकली आहे. मग एका उधाणात हिराजी नावाच्या मच्छीमाराचं जाळं माझ्या नांगराच्या दोरात गुंतलं. होडी कलंडायला लागली. आत त्याची दोन्ही मुलं होती. त्याने माझा दोर कापला. मी वाहत जाऊन खडकावर आपटलो.

मला परत इथे आणलं. सरांनी हिराजीवर पोलिसांत तक्रार केली आणि साक्षीला सांगितलं, "बातमी दे. अडाणी मच्छीमारांनी तोडफोड केली म्हणून."

"नाही देणार," साक्षी म्हणाली. तिने तिथेच हिराजीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मी कशासाठी होतो ते त्याला सांगितलं.

"बाई, तो बोया आमच्या भल्याचा आहे, हे आज तुमच्याकडून कळतंय," हिराजी म्हणाला. "आमची जाळी तिथेच पडतात. विचारलं असतं, तर दुसरी जागा दाखवली असती."

फोन बंद झाल्यावर सर म्हणाले, "त्यांना शास्त्र कळलं असतं का?"

"तुम्ही सांगितलंच नाही सर, मग न कळल्याचा गुन्हा त्यांचा कसा? तक्रार मागे घ्या. नाहीतर दुसरा माणूस शोधा."

सहादूने हातातलं काम थांबवलं होतं. सर निघून गेले. तक्रार मागे घेतली गेली. माफी कोणी मागितली नाही.

नवा बोया हिराजीने दाखवलेल्या जागी तरंगतोय. त्याने मोजलेल्या लाटांची खबर रोज मराठीतून गावात पोचते. मला दुरुस्त करायला मात्र कोणाला सवड नाही. त्याचं दुःख नाही. राग याचा, की एवढं साधं काम सुरुवातीला करता आलं असतं.

मित्रांनो, उद्या तुम्ही शास्त्रज्ञ व्हाल. यंत्र जरूर बनवा. पण ते ज्यांच्या पाण्यात सोडायचं, त्यांच्या अंगणात आधी जाऊन बसा.