खरखरीमागचा ओमप्रकाश

कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत रुपरावच्या खिडकीशी एक रेडिओ सेट होता. बोलायचाही अन् ऐकायचाही, कोळशाच्या ट्रकमधून उतरवलेला. ट्रक गेला, सेट राहिला. तसाच एक खाप्याला, त्याच्या जुन्या जोडीदाराकडे, ओमप्रकाशकडे. दिवेलागणीला रुपराव ओवीची पहिली ओळ सोडायचा अन् खाप्याहून दुसरी यायची. गाडी चालवताना डोळा लागू नये म्हणून जडलेली ही सवय, गाडी सुटली तरी सुटली नव्हती.

हिवाळ्यापासून दुसरी ओळ येईना. नुसती खरखर. फोनही बंद. टपरीवर कोणीतरी म्हणालं, "खाप्याचा ओमप्रकाश तर..." तसा रुपराव अर्धा चहा ठेवून उठला. सेट कमजोर झाला, एवढंच त्यानं मनाशी धरलं अन् इतवारी बाजारातून आवाज वाढवायचा अ‍ॅम्प्लिफायर पिशवीत घालून आणला.

धाकट्या भावाची मुलगी मिनल असले सेट दुरुस्त करायची. तिनं पिशवीत डोकावलं.

"मोठेबाबा, हे लावायचं नाही. बिनापरवान्याचं पाच वॅटपर्यंतच चालते. त्याच्या वर गेलं का दुसऱ्याचं बोलणं दाबते. सेट जप्त होईन ते वेगळंच."

"होऊ दे. माहा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचून नाही राहिला वं."

"यानं तोंड मोठं होते, कान नाही. तो बोलला तरी तुम्हाले कसं ऐकू येईन?" ती सेटमागं वाकली. "अन् हे काय? बॅटरीचा चार्जर डायरेक्ट सेटले? खरखर याचीच होय. जळला कसा नाही?"

"राहू दे तो."

"काहून?"



मिनलनं चार्जर सोडवून बॅटरी जोडली, बॅटरीच्या तोंडाशीच वायरीत फ्यूज टाकला, अँटेनाची चिरलेली केबल बदलली. कोणी आपल्या ओल्या जखमेवरची पट्टी सोडताना पाहावं तसा रुपराव पाहत राहिला.

सेट लागला अन् खरखर गेली. कोणी शेतावरून घरी सांगत होता, भाजीत मीठ कमी टाकजो म्हणून.

"खाप्याच्या पलीकडून येऊन राहिलं हे," मिनल हरखली. "बोला आता."

रुपरावनं बटण दाबलं.

"वाट वाकडी वाकडी, राखेनं पांढरी झाली..."

बटण सोडलं. सेट गप्प. धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखी लख्ख शांतता.

"परत म्हणा. जेवत असतीन."

त्यानं म्हटलं नाही. खरखर होती तोवर तिच्यामागं ओमप्रकाश बसलेला होता, मांडी घालून, तंबाखू मळत. आता मागं कोणी नव्हतं.

मिनल बसनं घरी गेली. रुपरावनं बॅटरी काढली अन् जुना चार्जर परत सेटला जोडला. खरखर हळूहळू खोलीत भरली. तिला कान लावून तो बसून राहिला. दुसरी ओळ त्याला पाठ होती. पण ती त्यानं म्हटली नाही. ती ओमप्रकाशची होती.