टर्नलीच्या बाजाराची घंटा

"मागच्या दाराने जा हवं तर, पण या लोकांपुढे नका जाऊ," लव्हिना नवऱ्याला म्हणाली.

व्हिटकोम वकील आरशासमोर गळपट्टी बांधत होते. बाहेर अर्धा गाव गुरांच्या घंटा, पातेली, पत्र्याचे डबे बडवत होता. तिथल्या रीतीने ही गोंगाटाची वरात थट्टेखातर नव्या जोडप्याच्या दारी न्यायची. म्हाताऱ्या वकिलाच्या दारी आणली ती त्यांची जिरवायला. ओहायो नदीकाठच्या टर्नलीचे ते इतकी वर्षं नगराध्यक्ष, आणि मंगळवारच्या निवडणुकीत सपाटून आपटले होते.

भांडण बाजाराच्या जागेचं. ते मैदान केझाया टर्नली नावाच्या नावाडणीने गावाला दान दिलं, पण दानपत्रात एक अट घातली. दर शनिवारी दुपारच्या आत गावच्या लोकांनी तिथे घंटा वाजवून बाजार उघडायचा. एक शनिवार चुकला की जागा वारसांची. वारसांचा हक्क आता रेल्वे कंपनीने विकत घेतला होता. तिला तिथे कोळशाचं कोठार हवं होतं.

कंपनी आधी व्हिटकोमांकडेच आली होती, आमचे वकील व्हा म्हणत. चांभाराचा हा पोरगा दुसऱ्याची कचेरी झाडता झाडता कायदा शिकलेला. एवढं बडं अशील चालून आलं, तरी त्यांनी ते उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मग कंपनीने घरोघरी पोरांना नोकऱ्या कबूल केल्या आणि मतं फिरली. गुरुवारी नव्या मंडळींनी तडा गेल्याचं सांगून बाजारातली घंटा उतरवली.

कुठली घंटा, ते दानपत्रात नव्हतं. म्हणून व्हिटकोम काल गाईची घंटा घेऊन दारोदार फिरले, चार जण तरी या म्हणाले. कुणी हो म्हटलं नाही, आणि आज शनिवारची सकाळ सरत आली होती. त्यांनी एकट्याने वाजवून भागणार नव्हतं. एकट्या माणसाला कायदा लोक म्हणत नाही.

बाहेरचा गोंगाट वाढला तसा त्यांचा गळपट्टीवरचा हात थांबला. ते हसू लागले.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं?"

"माझी हॅट दे. ती चांगली दे."

ते पुढच्याच दाराने बाहेर पडले. क्रेन लोहार सगळ्यात पुढे होता. "वकीलबुवा, नवरी कुठाय?" तो ओरडला.

"बाजारात बसलीय. चला, दाखवतो."

त्यांनी नदीची वाट धरली. वरात खिदळत मागोमाग निघाली. शिव्या पडत होत्या, एक कुजका बटाटा पाठीवर बसला. लागला, आणि अपमानही झाला. पण मान खाली घालणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

कोर्टाच्या पायरीवर कंपनीचा वकील पेल उभा होता. आधी तो हसला. मग वरात कुठे चाललीय ते ध्यानात आलं आणि तो धावत सुटला. थांबा, वाजवू नका, म्हणून तो बोंबलत होता. लोकांना वाटलं, हाही आपल्यातलाच, आणि त्यांनी त्याच्या कानाशी डबे बडवले.

भर मैदानात व्हिटकोम थांबले. हॅट काढून त्यांनी गावाला लवून नमस्कार केला. घंटांचा नुसता कहर झाला.

अंडी विकणारी क्लिंगबाई सकाळपासून झाकल्या टोपल्या घेऊन बसली होती. ती पलीकडच्या काठची. तिने घंटा वाजवून उपयोग नव्हता, आणि घंटेआधी टोपली उघडायची नाही हा बाजाराचा नियम.

गोंगाट ओसरल्यावर व्हिटकोमांनी विचारलं, "बाई, घंटा ऐकलीत?"

"मेलेल्यानेही ऐकली असती," ती म्हणाली आणि तिने टोपलीवरचं फडकं काढलं. शेजारच्या लोणीवालीनेही काढलं.

"ही थट्टा होती!" पेल धापा टाकत म्हणाला.

"दानपत्रात वाजवा म्हटलंय. मनापासून वाजवा असं नाही म्हटलं."

"पुढच्या शनिवारी कोण येणारे तुमची वरात काढायला?"

क्रेन हातातल्या गाईच्या घंटेकडे बघत राहिला. त्याच्या आईने याच मैदानात लोणी विकून त्याला वाढवलं होतं. तो बाजाराच्या खांबापाशी गेला आणि उतरवलेल्या मोठ्या घंटेच्या रिकाम्या आकड्याला त्याने ती गाईची घंटा अडकवली.

क्लिंगबाईपुढे रांग लागली. बाजारातली पहिली अंडी नगराध्यक्षाची, अशी रीत होती. तिने सवयीने अंडी पुढे केली. व्हिटकोमांनी नको म्हणून मान हलवली, कोट झटकला आणि ते रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.