पाळकांच्या दाराचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. भोकरदन तालुक्यातल्या एका गावात चर्चच्या मागे पाळकांचं घर आहे, त्याच्या दाराचं. जुने पाळक बदलून गेले तेव्हा मला जालन्याच्या बाजारातून नवंकोरं आणून इथं लटकवलं. महिनाभराचं काम आहे, असं सांगितलं होतं. त्यावर दोन पावसाळे गेले आणि मी गंजलो.

घर बंद असलं तरी संध्याकाळी झुंबरबाई पायरीवर यायचीच. नवरा वारला आणि लेक अंगद मातीला आला नाही, म्हणून ती त्याच्याशी बोलत नव्हती. त्याच्यावाचून तिला करमतही नव्हतं. हे सगळं ती मला सांगायची. मी बापडा काय बोलणार!

इकडे निवड कमिटी पाळक शोधत होती. अध्यक्ष अण्णासाहेब, निवृत्त हेडमास्तर. त्यांना दणदणीत आवाजाचा माणूस हवा होता. उमेदवार यायचा, उपदेश करायचा, मटण हाणायचा आणि मग घर बघायला माझ्याकडे. पहिल्यानं मी उघडताच गिझर आहे का ते विचारलं. दुसऱ्याच्या आवाजानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या होत्या म्हणे. "मावशी, जरा सरका," असं झुंबरबाईला म्हणून तो आत शिरला. कमिटी त्याच्यावर बेहद्द खूश होती.

तिसरे शमुवेल खरात. उपदेश पुटपुटल्यासारखा केला, असं अण्णासाहेब माझ्यासमोरच कुरकुरत होते. त्यांच्या वेळी मी उघडेना. गंजामुळे हो, उगाच देवाला मध्ये आणू नका. कमिटी तेल शोधायला पांगली आणि खरात झुंबरबाईशेजारी पायरीवर टेकले.

"घरी कोण कोण असतं, मावशी?"

तिनं सगळं सांगितलं. खरात मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी ती म्हणाली, "पोरगं फोन करून राह्यलंय, म्याच उचलत न्हाई."

"मंग आज आपुन लावू का?"

त्यांनी फोन लावून तिच्या कानाशी धरला. "जेवलास का रे?" एवढंच म्हणाली आणि रडत राहिली.

तेल आलं, मी उघडलो, पण खरातांच्या गाडीची वेळ झाली होती. ते घर न बघताच गेले.

"माणूस चांगला हाये, पण आवाज बिलकुल न्हाई," अण्णासाहेबांनी तिथंच निकाल दिला.

झुंबरबाई पदरानं डोळे पुसत उठली. "अण्णा, आवाज आपल्या मंडळीत लई हाये. तुमी तिघायला बोलाया लावलं. ऐकाया कुणाला बसवलं का?"

अण्णासाहेबांनी तेलाची बाटली पायरीवर ठेवली आणि कमिटीला पुन्हा बसायला बोलावलं. पुढच्या महिन्यात खरात राहायला आले.

आता मी दाराआड खिळ्याला लोंबकळतोय. झुंबरबाई सरळ आत जाते, माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तुमच्यावर कधी पाळक शोधायची वेळ आली तर माझी एक विनंती आहे. उमेदवाराला आधी पायरीवर बसवा आणि किल्ली सापडत नाही म्हणा. एवढं खोटं चालतं.